परमनंट शिक्षक कोणासाठी?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आठवणी झाल्या, गाणी झाली, हजेरीसुद्धा झाली. पस्तीस वर्षांनी "हजर बाई" म्हणताना किती जणांचा आवाज अडकला ते आपण सगळ्यांनी ऐकलं. आता जेवण झालंय, ऊन वर आलंय, आणि अशा वेळी कोणाला भाषण द्यायला लावणं ही एक प्रकारची शिक्षाच आहे. पण संयोजकांनी वीस मिनिटं दिली आहेत, ती मी पाळीन. घंटा शिपायाच्या हातात आहेच.

मला विषय दिला होता "अमेरिकेतील शिक्षण". तो मी जरा लहान करून घेते. दर वेळी गावी आले की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "तिकडे बरं आहे, काम केलं नाही तर शिक्षकाला घरी पाठवतात. आपल्याकडे एकदा परमनंट झाला की अठ्ठावन्न वर्षांपर्यंत कोण हलवतो त्याला?" विचारणारे पालक असतात, संस्थाचालक असतात, आणि खरं सांगायचं तर आपल्याच वर्गातले काही जण असतात. याच प्रश्नावर मी बोलणार आहे.

त्याला आणखी एक कारण आहे. मुख्याध्यापकांनी सकाळी सांगितलं की शाळेत पाच जागा रिकाम्या आहेत आणि तीन तरुण शिक्षक तासिकेवर शिकवतात. त्यांचं मानधन आपल्या माजी विद्यार्थी निधीतून द्यावं, असा ठराव चहानंतरच्या बैठकीत येणार आहे. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत आपण सगळे थोडेसे संस्थाचालक होणार आहोत. म्हणून हा विषय फक्त अमेरिकेचा राहिलेला नाही.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. इथून दहावी झाले, बी.एस्सी., बी.एड. केलं, एक वर्ष शेजारच्या तालुक्यात रजेच्या जागेवर गणित शिकवलं, लग्न होऊन न्यू जर्सीला गेले. तिथे पुन्हा परीक्षा देऊन शिक्षकाचा परवाना घेतला आणि २००४ पासून एका सरकारी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. २००७ मध्ये परमनंट झाले. तिकडे त्याला टेन्युअर म्हणतात.

आता पहिली गोष्ट. तिकडे शिक्षकाला वाटेल तेव्हा घरी पाठवता येतं, हा समज बऱ्याच राज्यांच्या बाबतीत खरा नाही. अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे पन्नास राज्यांचे पन्नास कायदे. पण शाळेच्या शिक्षकांना नोकरीची हमी देणारा पहिला मोठा कायदा ज्या राज्यात झाला, ते माझंच न्यू जर्सी. साल १९०९.

तो का झाला, हे इथल्या ज्येष्ठ शिक्षकांना मी वेगळं समजावायची गरज नाही. तिकडची शाळा गावातलं निवडून आलेलं मंडळ चालवतं. त्या काळात गावात सत्ता बदलली की शिक्षक बदलायचे. मंडळावरच्या माणसाच्या भाचीला नोकरी हवी असली की कोणाची तरी नोकरी जायची. बाईनं लग्न केलं की तिला घरी पाठवायची पद्धत अनेक ठिकाणी होती. न्यू यॉर्कमध्ये ब्रिजेट पेक्सोटो नावाच्या शिक्षिकेला बाळंतपणासाठी गैरहजर राहिली म्हणून १९१३ मध्ये कामावरून काढलं. ठपका काय, तर कर्तव्यात कसूर. ती लढली आणि १९१५ मध्ये तिला परत घ्यावं लागलं.

टेन्युअरचा अर्थ तेवढाच आहे. या माणसाला काढायचं असेल तर कारण सांगा, पुरावा द्या, आणि त्याचं म्हणणं तिऱ्हाइतासमोर ऐकून घ्या. आजन्म नोकरी असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

आपल्याकडचं पाहा. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली याच कारणांतून आली. त्याआधी संस्थाचालकांच्या मर्जीवर नोकरी होती. कायद्यानं सांगितलं की परिविक्षा काळ संपला की शिक्षक कायम. काढायचं तर चौकशी. आणि अन्याय झाला तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. आपण शाळेत होतो तेव्हा हा कायदा नवाच होता. आपल्याला त्याचं नावही माहीत नव्हतं, पण त्याचा फायदा आपल्याला झाला. कसा, ते पुढे सांगते.

आधी दुसरी बाजू मांडते, कारण ती खोटी नाही.

न्यू यॉर्क शहरात ज्या शिक्षकांवर आरोप होते आणि चौकशी चालू होती, त्यांना वर्गावर न पाठवता एका खोलीत बसवून ठेवत. पूर्ण पगार चालू. कोणी पेपर वाचतोय, कोणी पत्ते खेळतोय, कोणी डुलकी काढतोय. असे शेकडो शिक्षक होते आणि काहींची चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळली होती. वर्तमानपत्रांतून फार बोभाटा झाला, तेव्हा २०१० मध्ये शहर आणि शिक्षक संघटना यांनी मिळून त्या खोल्या बंद करायचं ठरवलं. यात दोषी शिक्षक वर्षानुवर्षं पगार खात होता, हे खरंच. पण निर्दोष शिक्षकही त्याच खोलीत वर्षानुवर्षं बदनामी सोसत होता, हे लोक विसरतात.

माझ्या स्वतःच्या पाहण्यातला एक शिक्षक होता. वर्गात गेला की पडद्यावर चित्रपट लावायचा आणि स्वतः मागे बसायचा. मुलांना ठाऊक, पालकांना ठाऊक, आम्हा सगळ्यांना ठाऊक. पण त्याच्या फाइलमध्ये दर वर्षी "समाधानकारक" असाच शेरा. कारण वाईट शेरा लिहायचा तर मुख्याध्यापकानं वर्ग पाहायला हवा, तारीख-वार नोंद ठेवायला हवी, सुधारायची संधी द्यायला हवी. तो खटाटोप करण्यापेक्षा त्याची बदली दुसऱ्या शाळेत झाली. मग तिथून तिसऱ्या. त्याला टेन्युअर होतं म्हणून तो टिकला, असं सगळे म्हणाले. माझं म्हणणं असं की त्याचं काम कोणी लिहून ठेवलं नाही, म्हणून तो टिकला.

आणि असं आपल्याकडे नव्हतं असं नाही. आपल्याही वेळापत्रकात एक तास झोपेचा होता. विषयाचं नाव घेत नाही. हसू नका, समोर बसलेत त्यांना वाटेल आपलाच!

या वादाचा सगळ्यात मोठा खटला कॅलिफोर्नियात झाला. वरगारा खटला म्हणून तो ओळखला जातो. २०१२ मध्ये नऊ विद्यार्थ्यांच्या नावानं तो दाखल झाला. त्यांचं म्हणणं असं की या राज्यात शिक्षक दोन वर्षांच्या आत परमनंट होतो, त्याला काढणं जवळजवळ अशक्य आहे, आणि कपात करायची वेळ आली की जो शेवटी लागला त्याला आधी काढतात, मग तो कितीही चांगला असो. या तिन्हीचा फटका गरीब आणि अल्पसंख्य मुलांना बसतो, म्हणून हे कायदे घटनाबाह्य ठरवा. २०१४ मध्ये न्यायाधीश रॉल्फ ट्रू यांनी ते मान्य केलं. देशभर गाजलं. टेन्युअरचे दिवस भरले असं लोक म्हणू लागले.

मग २०१६ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला. कारण ऐकण्यासारखं आहे. ते न्यायाधीश म्हणाले, कोणत्या मुलाच्या वाट्याला कोणता शिक्षक येतो हे हा कायदा ठरवत नाही. ते शाळा चालवणारे अधिकारी ठरवतात. गरीब वस्तीतल्या शाळेत कमकुवत शिक्षक जमा होत असतील, तर ते तिथे कोणी पाठवले ते पाहा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं पुढे सुनावणी घ्यायला नकार दिला, तोही चार विरुद्ध तीन असा. म्हणजे जाणत्या माणसांतही यावर एकमत नाही.

फ्लोरिडानं न्यायालयाची वाट पाहिली नाही. २०११ मध्ये कायदाच करून टाकला की यापुढे लागणाऱ्या शिक्षकाला दर वर्षाचा करार. वर्ष संपलं की करार संपला. पुढे ठेवायचं की नाही याचं कारण देण्याची गरज नाही. आपल्याकडचे अनेक जण हेच मागतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

न्यू जर्सीनं मधला रस्ता घेतला, आणि तो मी आतून पाहिला आहे. २०१२ मध्ये नवा कायदा झाला. राज्यपाल रिपब्लिकन, सभागृहं डेमोक्रॅट पक्षाकडे, शिक्षक संघटना समोर उभी. तरी दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत पडलं नाही. काय केलं त्यांनी? टेन्युअर ठेवलं, पण मिळवणं अवघड केलं. आधी तीन वर्षांत मिळायचं, आता चार. पहिल्या वर्षी नव्या शिक्षकाबरोबर एक अनुभवी शिक्षक मार्गदर्शक म्हणून द्यायचाच. पुढच्या तीन वर्षांपैकी किमान दोन वर्षं "परिणामकारक" किंवा त्याहून वरचा शेरा हवा. नव्या शिक्षकाचा वर्ग वर्षातून अनेकदा येऊन बघायचा, आणि नंतर समोर बसवून बोलायचं. परमनंट असलेल्यालाही दर वर्षी शेरा. ओळीनं दोन वर्षं वाईट आला तर आरोपपत्र. पण ते आरोपपत्र मंडळानं स्वतः निकाली काढायचं नाही. लवाद नेमायचा, आणि सुनावणी सुरू झाल्यापासून ४५ दिवसांत निर्णय. पूर्वी अशी प्रकरणं फार रेंगाळायची.

सगळंच छान झालं असं नाही. मुलांच्या राज्य परीक्षेतल्या गुणांचा काही वाटा शिक्षकाच्या शेऱ्यात धरायचं ठरलं. किती? आधी ३० टक्के, मग १० टक्के, पुन्हा ३०, आणि २०१८ मध्ये ५. मी चौथी ते सातवीच्या गणिताच्या गटात येते, म्हणून हा झोका मला लागू होता. माझ्या शेजारच्या वर्गातल्या चित्रकलेच्या बाईंना नव्हता. वर्गात मी तीच, फळा तोच, आणि माझी किंमत मात्र दर दोन वर्षांनी बदलणार. एका आकड्यात शिक्षक बसवायला गेलं की असं होतं. आणि कपातीच्या वेळी सेवाज्येष्ठतेचा नियम त्यांनी तसाच ठेवला, त्यामुळे चांगली तरुण मुलं आजही आधी जातात. आपल्याकडे संचमान्यतेत पटसंख्या घटली की जो कनिष्ठ तो अतिरिक्त ठरतो, तसंच. फरक एवढाच की आपल्याकडे निदान समायोजनाची वाट पाहता येते.

या सगळ्या खटाटोपातून मला काय समजलं, ते सांगते. शिक्षकाच्या नोकरीच्या हमीकडे आपण त्याला मिळालेलं बक्षीस म्हणून पाहतो. म्हणून चांगला असला तर "मिळू दे बिचाऱ्याला" म्हणतो आणि वाईट असला तर "काढून घ्या" म्हणतो. ती हमी मुळात वर्गातल्या मुलासाठी आहे. त्याच्या समोर उभा असलेला माणूस भीतीपोटी निर्णय घेणार नाही, एवढ्यासाठी ती आहे.

उदाहरण देते. तिकडे ज्या मुलाला शिकताना विशेष अडचण आहे, त्याच्यासाठी दर वर्षी स्वतंत्र आराखडा करतात. पालक, शिक्षक, मानसशास्त्रज्ञ, अधिकारी सगळे एका टेबलाभोवती बसतात. आराखड्यात जे लिहिलं जाईल ते शाळेला द्यावंच लागतं: वाचा-उपचार, वर्गात सोबत बसणारी मदतनीस, जे काही असेल ते. त्याला पैसा लागतो, म्हणून अधिकाऱ्यांचा हात आखडता असतो. अशा एका बैठकीला मी होते. एका मुलाला मदतनीस हवी, हे त्याला रोज शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकेनं मला आदल्या दिवशी तळमळून सांगितलं होतं. बैठकीत अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, "तुमचं मत?" ती म्हणाली, "तसं ठीक चाललंय." तिचं तिसरं वर्ष चालू होतं. समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात तिचा शेरा होता. मी बोलले, कारण मला बोलता येत होतं. त्या मुलाला मदतनीस मिळाली. ती मुलगी माझ्यापेक्षा चांगली शिक्षिका होती, हेही सांगायला हवं. तिच्यात धैर्य कमी होतं असं मी म्हणणार नाही. घरचा हप्ता आणि लहान बाळ होतं. फ्लोरिडातला शिक्षक वर्षाच्या करारावर दर वर्षी तिच्याच जागेवर बसलेला असतो.

आता आपल्या शाळेचं. आपण नववीत असताना गावातल्या एका वजनदार माणसाच्या मुलाला गणितात नापास केलं होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. सरांच्या घरी माणसं गेली, शाळेत चकरा झाल्या, "दोन गुणांचा तर प्रश्न आहे" असं गोड बोलूनही झालं. सर म्हणाले, पेपर काढून देतो, तुम्हीच तपासा. तो मुलगा नापासच राहिला, पुढच्या वर्षी पास झाला, आणि आज त्याचा उत्तम व्यवसाय आहे. तो इथे आहे आणि त्यानंच मला ही गोष्ट सांगायची परवानगी दिली आहे. सर काल मला म्हणाले, "अगं, त्यात माझं शौर्य कसलं? मी परमनंट होतो. चार वर्षं आधी ही वेळ आली असती तर मला घरी जाऊन हिला विचारावं लागलं असतं." सर विनयानं बोलतात. पण कायदा कशासाठी असतो, ते त्या एका वाक्यात आहे. आपल्या वर्गातल्या बाकी बावन्न मुलांना त्या दिवशी कळलं की या शाळेत गुण मिळवावे लागतात.

पण याची दुसरी बाजूही सरांनी पाळली होती. ते परमनंट झाले आणि वही तपासायची थांबले, असं झालं नाही. हमी मिळालेल्या माणसानं तिची परतफेड कामानं करायची असते. जो करत नाही, त्याला वाचवण्याची जबाबदारी कायद्यावर नाही, आणि संघटनेवरही नसावी, असं मी माझ्या तिकडच्या संघटनेच्या सभेतही बोलले आहे. टाळ्या कमी पडल्या, ते सोडा.

महाराष्ट्रात गेल्या पंचवीस वर्षांत काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भोगलं आहे. २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आली: तीन वर्षं मानधनावर, मग कायम. ते मानधन वर्षानुवर्षं इतकं तुटपुंजं होतं की सांगायला लाज वाटावी. २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार झालं. २००१ मध्ये "कायम विनाअनुदानित" शाळा आल्या. शिक्षकाला जो शब्द हवा होता, तो शाळेच्या पाटीवर गेला, आणि अर्थ उलटा झाला: पगार कायमचा नाही. २००९ मध्ये तो "कायम" शब्द काढला, पुढे २० टक्के, ४० टक्के असं अनुदान टप्प्याटप्प्यानं आलं. आपल्याच वर्गातला एक मित्र त्यात पंधरा वर्षं बिनपगारी राबला. सकाळी शाळा, दुपारनंतर शेती, आणि अधूनमधून आझाद मैदान.

आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. पाच वर्षांहून कमी उरली असेल तर नोकरी राहील, पण बढती नाही. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं आज रात्री मुलांच्या गाईडमधून अभ्यास करत आहेत. काल दोघी-तिघी भेटल्या, त्यांची झोप उडाली आहे. मुलाला पात्र शिक्षक मिळाला पाहिजे, हे न्यायालयाचं म्हणणं मला मान्य आहे. पण वीस वर्षं ज्यांचा वर्ग कोणी मागच्या बाकावर बसून पाहिला नाही, त्यांची पारख एका दुपारच्या पेपरवर करायची, हे म्हणजे पेरणीच्या वेळी बियाणं न पाहता काढणीच्या वेळी शेतकऱ्याला दटावण्यासारखं आहे.

न्यू जर्सी काय आणि इथे काय, गाडी एकाच ठिकाणी अडते. हमी देण्याआधीची तीन-चार वर्षं आपण वाया घालवतो. त्या काळात कागद तपासतो: पदवी, बिंदुनामावली, मान्यतेचा प्रस्ताव. शिकवणं तपासत नाही. मग एकदा हमी दिली की तिच्या नावानं ओरडतो. माझं म्हणणं अगदी साधं आहे. हमी देताना कडक व्हा. दिली की ती पाळा. आणि काढायची वेळ आलीच, तर लेखी कारण द्या, तिऱ्हाइताकडून ऐकून घ्या, आणि लवकर निकाल लावा.

आता चहानंतरच्या ठरावाकडे येते. त्या तीन तरुण शिक्षकांना मी सकाळी भेटले. तासाला पैसे, दिवाळीची सुट्टी बिनपगारी, मे महिना बिनपगारी, जूनमध्ये बोलावतील की नाही माहीत नाही. नेमणुकीचं पत्र एकाकडेच आहे. त्यातल्या एकाला मी विचारलं, उद्या एखाद्या देणगीदाराच्या नातवाला तुम्ही नापास कराल का? तो नुसता हसला. मित्रांनो, तो देणगीदार म्हणजे आता आपण आहोत.

निधी द्यायला माझी ना नाही. माझा वाटा मी दिला आहे. संस्थेवर माझा रोषही नाही. भरती संस्थेच्या हातात राहिलेली नाही, पवित्र पोर्टलवरून उमेदवार कधी येतील ते त्यांनाही माहीत नसतं, आणि तोवर वर्ग रिकामा ठेवता येत नाही. पण आपला पैसा जाणार असेल, तर चार अटी ठरावात घालाव्यात असं मी सुचवते.

एक. प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र, आणि मानधन बारा महिन्यांचं.

दोन. पहिल्या वर्षी प्रत्येकामागे एक मार्गदर्शक. इथे निवृत्त झालेले अकरा शिक्षक बसले आहेत. महिन्यातून एकदा येऊन मागच्या बाकावर बसा, आणि तास संपल्यावर चहा पिताना सांगा, काय जमलं, काय नाही. तुमच्याइतकं हे दुसऱ्या कोणाला येणार आहे?

तीन. वर्ष संपताना लेखी शेरा, त्या शिक्षकाला दाखवून. त्याला पुढे ठेवायचं नसेल तर कारण लिहून आणि त्याचं ऐकून.

चार. पैसे कोण देतं हे त्या शिक्षकांना कळू नये आणि आपल्यापैकी कोणीही मुलाच्या, नातवाच्या, पुतण्याच्या गुणांसाठी त्यांच्याकडे जाऊ नये. हे ठरावात लिहिता येणार नाही, पण आज सगळ्यांसमोर बोलून ठेवू.

यावर कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या नोकरीला कायद्याचं संरक्षण मिळतं, ते आपल्या निधीनं कसं मिळणार? बरोबर आहे, मिळणार नाही. रिकाम्या जागा शासनानं भरल्याच पाहिजेत, आणि आपला निधी हा त्याला पर्याय होऊ नये. म्हणून ठरावाची मुदत दोनच वर्षं ठेवा आणि जागा भरण्याची मागणी आपण सगळ्यांच्या सह्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवू. पण तोवर आपल्याला जेवढं देता येतं, तेवढं तरी द्यावं. कारण सांगितल्याशिवाय काढणार नाही, एवढा शब्द द्यायला शासन निर्णय लागत नाही.

ज्यांच्या हातून आपण शिकलो, त्यांच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी आपल्याला न आवडणारी, पण खरी गोष्ट सांगितली. कोणाला सांगितलं, तुला विज्ञान झेपणार नाही, वाणिज्यला जा. कोणाच्या वडिलांना बोलावून सांगितलं, पोरीचं लग्न एवढ्यात करू नका. माझ्या वडिलांना ते मराठीच्या बाईंनी सांगितलं, आणि माझे वडील तेव्हा शाळा समितीवर होते. बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्हाला ते बोलता आलं म्हणून मी आज शिक्षिका आहे. आजच्या नववीतल्या मुलीसाठीही असं बोलू शकणारं कोणीतरी त्या वर्गात हवं, एवढंच माझं मागणं आहे.

शिपाईमामा घड्याळाकडे बघत आहेत. चहा तयार आहे. चहा घ्या, पण ठरावाच्या वेळी कोणी निघून जाऊ नका.